‘ग्लो ऑफ होप’मधली बाई थांबलीये की चालतेय?

तिन्हीसांज

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचतेय इथे पण पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल.

गेल्या महिन्यात आईला घेऊन म्हैसूरला गेले होते. जगनमोहन पॅलेसमध्ये चित्रकार हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आहे ते दाखवायचं फार मनात होतं, कारण त्याची प्रिंट आमच्या मिरजेच्या घरी शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीवर होती. कुठल्यातरी जुन्या कॅलेंडरचं पान कापून आईने फ्रेम करून घेतलं होतं, मी त्याच्याखाली बसून दहावीपर्यंतचा अभ्यास केलाय. चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असेल, एका हातात पेटलेला पितळी दिवा, दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीला आडोसा म्हणून धरलेला, बोटं आतून लालकेशरी झालेली आणि चेहऱ्यावर उजेड. मागे सगळं मऊ अंधारात.

मला लहानपणापासून वाटायचं की ही कुणाची तरी वाट बघतेय. आमचे बाबा रेल्वेत होते, रात्रपाळी असायची, आई दाराशी जाऊन बघून यायची, तर माझ्यासाठी ते चित्र म्हणजे आईच होती. त्याबद्दल कधी शंकाच आली नाही.

ओरिजिनल अंधाऱ्या जागेत ठेवलंय, डोळे सरावले की तो उजेड असा काही अंगावर येतो की प्रिंटमध्ये आपण काय बघत होतो असं वाटतं. मी बघत होते आणि आई बराच वेळ गप्प उभी होती, मग म्हणाली, "अगं ही थांबलेली नाहीये. ही निघालीये कुठेतरी." मला धक्काच बसला. चाळीस वर्षं एकच चित्र दोघींनी बघितलं आणि मला थांबलेली बाई दिसतेय, तिला निघालेली. बाबा जाऊन आता दोन वर्षं झाली, त्यामुळे आईला तसं दिसत असेल का हेही मनात आलं पण तिला विचारलं नाही.

घरी आल्यावर मावशीला सांगितलं तर ती म्हणे ते उदास चित्र आहे, मी तेव्हाच ताईला सांगितलं होतं घरात लावू नको. मिस्टरांचं म्हणणं बाई सुंदर आहे, दिवा सुंदर आहे, त्यात अर्थ कशाला शोधायचा.

तर मला खरंच समजून घ्यायचंय. चित्राचा मूड चित्रात असतो का बघणाऱ्यात? दिवा म्हणजे आशा, अंधार म्हणजे संकट एवढं मलाही कळतं, पण तेवढ्याने समाधान होत नाहीये. नक्की कुठे बघायचं असतं? चेहऱ्याकडे, रंगाकडे, नावाकडे? जाणकारांनी सांगा प्लीज.

जुनी_वही

फार छान लिहिलंत. आधी थोडी माहिती, कारण हे चित्र राजा रविवर्म्याचं म्हणून अजूनही फॉरवर्ड होत असतं आणि मला दर दिवाळीत दहा जणांना सांगावं लागतं की नाही हो, हे आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. रविवर्मा गेले 1906 ला, हे चित्र आहे 1945-46 चं. घोळ का होतो तेही समजण्यासारखं आहे, त्याच जगनमोहन पॅलेसच्या संग्रहात रविवर्म्यांची नावाजलेली चित्रं आहेत, आणि आपल्याकडे त्यांच्या छापखान्याची चित्रं, तोच जो मुंबईत 1894 ला सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, ती घराघरात देवांच्या फ्रेममध्ये गेली. त्यामुळे साडीतली देखणी बाई आणि जुनं चित्र म्हटलं की लोक डोळे मिटून रविवर्मा म्हणतात.

पण रविवर्म्यांचं नाव तेलरंगांसाठी आणि हे चित्र आहे जलरंगातलं. हे लक्षात ठेवा, मूडचा अर्धा उलगडा त्यातच आहे असं मला वाटतं. जलरंगातलं कुणीतरी इथे आहे, ते सांगतील.

हळदणकर 1882 सालचे, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकलेले, 1908 ला मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. म्हणजे हे चित्र केलं तेव्हा साठी ओलांडलेली होती. आणि चित्रातली बाई म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी. ती पुढे कोल्हापूरला राहायची, 2018 मध्ये गेली, 102 वर्षांची होऊन. कुठेकुठे ती तेव्हा लहान मुलगी होती असं वाचलंय पण साधा हिशोब केला तर चित्राच्या वेळी ती तिशीच्या आसपास येते. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. कारण तिच्या चेहऱ्यावर जे आहे ते बारा वर्षांच्या पोरीचं कुतूहल नाही, ती संसार कळलेली बाई आहे. तुमच्या मावशीला जे उदास वाटलं ते बहुतेक हे वय असेल.

कागद_आणि_पाणी

वही, तुम्ही मला बोलवलंच आहे म्हणून लिहितो. मी पंचवीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि जलरंग हाच माझा जीव आहे, त्यामुळे थोडं सविस्तर होईल.

ताई, तुम्ही विचारलंत नक्की कुठे बघायचं. माझं स्पष्ट मत, या चित्रात चेहरा नंतर बघा, आधी हात बघा. घरी अंधार करून मोबाईलचा टॉर्च तळहाताला मागून लावून बघा. पंजाचा मधला जाड भाग काळाच राहतो, बोटांच्या कडा लाल होतात कारण तिथे मांस पातळ आहे आणि उजेड रक्तातून गाळून येतो, आणि दोन बोटांच्या फटीत एकदम पिवळा उजेड. हळदणकरांनी हे तिन्ही वेगवेगळं पकडलंय. फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर याने सतराव्या शतकात हेच केलं होतं, पॅरिसला लूव्ह्रमध्ये त्याचं सुतार जोसेफचं चित्र आहे, म्हातारा जोसेफ काम करतोय आणि छोटा येशू मेणबत्ती धरून हाताचा आडोसा करतोय, त्या पोराची बोटंही अशीच आरपार उजळलीत. पण ते तेलरंगात. तेलरंगात उजेड वरून चढवता येतो, सगळं झाल्यावर शेवटी जाड फिकट रंगाचा एक फटकारा मारला की चमक आली. चुकलं तर खरवडून परत.

पारदर्शक जलरंगात तसं नाही. तिथे उजेड म्हणजे कागदच. सगळ्यात उजळ जागा ही रंगवायची नसते, राखायची असते. पहिला पिवळा पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर दिला, तो वाळू दिला, मग त्याच्यावर केशरी, मग तांबूस, मग अंधार, आणि दर वेळी ती उजेडाची जागा सोडून यायचं. एक थेंब ओघळला की संपलं. म्हणजे बाई ज्योत जपतेय तसा चित्रकार पहिल्या दिवसापासून तो कागदाचा तुकडा जपत आलाय. मी हे मुलांना सांगायचो तेव्हा वर्ग गप्प व्हायचा. आणि मला ठाम वाटतं की या चित्राचा मूड इथून येतो, त्या जपण्यातून. बघणाऱ्याला जलरंगाचं काही माहीत नसलं तरी ते जाणवतं.

दुसरं रंगाचं. साडीत जी जांभळट छटा आहे ती पिवळ्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूची. शेजारी जांभळा असला की पिवळा पेटतो. त्या जागी हिरवी साडी असती तर दिवा निम्मा विझल्यासारखा दिसला असता, घरी रंगपेटी असेल तर करून बघा.

तिसरं, ती आपल्याकडे बघत नाही. ती आपल्याकडे बघत असती तर दिवा आपल्यासाठी झाला असता, स्वागताचा, ओवाळणीचा. तसं ते नाही, आपण तिथे आहोत हे तिला माहीतच नाही. म्हणून ते चित्र बघताना आपण आपोआप हळू बोलतो.

आता तुमचा प्रश्न, मूड चित्रात की बघणाऱ्यात. चित्रात एक घर बांधलेलं असतं आणि आपण त्यातल्या एखाद्या खोलीत जाऊन बसतो. वाट बघणं, निघणं, उदासी, या सगळ्या खोल्या या घरात आहेत. पण कुणी म्हणालं की ही बाई रागावली आहे, किंवा तिला घाई आहे, तर मी म्हणेन नाही, ती खोली इथे नाही. ते चित्र तसं म्हणू देत नाही.

सरळरेषा

सगळ्यांचं वाचलं, सरांच्या तंत्राच्या माहितीबद्दल मनापासून आभार, पण थोडा विरोध नोंदवतो.

मला वाटतं आपण नावाने फसतो. नाव काढून टाका. ‘दिवा घेतलेली मुलगी’ असं नाव असतं तर आपण इतकी आशा शोधली असती का? दिवाळीत मुलीच्या हातात दिवा बघून वडलांना चित्र सुचलं असं सांगतात, आणि मला तेवढंच पुरेसं वाटतं, एका बापाने आपली मुलगी दिव्याच्या उजेडात बघितली आणि ती त्याला अतिशय सुंदर दिसली. यात प्रतीक वगैरे नाही, माया आहे. 1945-46 म्हणजे स्वातंत्र्य जवळ आलं होतं म्हणून हा दिवा म्हणजे देशाची आशा असंही मी ऐकलंय एका भाषणात, पण चित्रात त्याचा काय पुरावा? साल जुळलं म्हणून अर्थ जुळत नाही. असं केलं तर त्या वर्षी काढलेलं प्रत्येक फुलदाणीचं चित्र स्वातंत्र्याचं होईल.

हां, नावातल्या एका शब्दावर मात्र बोलेन. लोक ‘आशेचा किरण’ असं भाषांतर करतात ते मला बिलकुल पटत नाही. किरण बाहेरून येतो, लांबून, फटीतून, आणि आपण तो बघत बसतो. इथे उजेड बाहेरून येतच नाहीये, तिच्या हातात आहे, तिने धरलाय आणि तिच्या हाताला त्याची धग लागत असणार. चांगला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही, कुणाला सुचला तर सांगा.

आणि ताई, तुमच्या मिस्टरांना कमी लेखू नका, सुंदर आहे एवढं म्हणून शांत बसता येणं हेही बघणंच आहे.

आरोंद्याचो_झील

हळदणकर आमच्या सावंतवाडीचे म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. मला चित्रकलेतलं काही कळत नाही पण दिवा घेऊन चालायचं कळतं.

आमच्या गावच्या घरात लाईट आली तेव्हा मी पाचवीत होतो. त्याच्या आधी तिन्हीसांजेला आजी देवाकडचा दिवा घेऊन माजघर, मग ओटी, मग खळ्यात उतरून तुळशीपाशी जायची, आणि तिच्या पाठोपाठ आम्ही पोरं शुभंकरोती म्हणत. नदीकडून वारा असायचा. तुम्ही सगळे हात हात म्हणताय तर सांगतो, तो हात एका जागी नसतो. वारा जिकडून येईल तिकडे तळवा फिरतो, आणि हे डोक्याने ठरवत नाही कोणी, हाताला कळतं. आजी आमच्याशी बोलत असायची, मांजराला हाकलत असायची, पण तो हात आपलं काम करत असायचा.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे प्रत्येक दिव्याचं काम वेगळं. समई बसलेली असते, तिला कोणी घेऊन फिरत नाही. लामणदिवा टांगलेला. निरांजन ओवाळायचं. आणि हातात घेऊन तळव्याने झाकलेला दिवा हा न्यायचा दिवा. एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी पोचवायचा. म्हणून तुमच्या आईचं मला शंभर टक्के पटतं. नुसतं उभं राहून वाट बघायची असती तर दिवा खाली ठेवला असता की कोनाड्यात, हात कशाला दुखवायचा? तळवा आडवा धरलाय म्हणजे वारा आहे, आणि वारा बाहेरचा नसला तर चालण्याने लागतो तो. घरात बंद दार असतानाही चालायला लागलं की ज्योत मागे झुकते.

तिसरी, आणि ही कोणी सांगितली नाही. दिवा धरणाऱ्यालाच सगळ्यात कमी दिसतं. तुमच्या तोंडावर उजेड असतो, पुढे सगळं काळं. मागून येणाऱ्या आम्हाला आजीची पाठ, जमीन, पायऱ्या सगळं दिसायचं, आणि आजी पायाने चाचपत चालायची, तिला पायऱ्या पाठ होत्या. त्या चित्रातल्या बाईचा चेहरा बघा, उजळलेला आहे म्हणजे तिच्या डोळ्यांवर उजेड आहे. तिला समोर कोण आहे दिसत नसणार. तरी चेहऱ्यावर भीती नाही. मावशींना ते उदास वाटत असेल, मला ती फक्त सावकाश वाटते. दिवा घेतलेल्या माणसाला घाई करताच येत नाही हो.

दिवा गेला तर आजी विझला म्हणू द्यायची नाही. निमाला म्हणायचं, शांत झाला म्हणायचं. एकदा मी पळताना तिच्या हाताला धक्का मारला आणि खळ्यातच दिवा गेला, मला वाटलं आता मार बसणार. ती अंधारात तशीच उभी राहिली, म्हणाली हलू नको, आणि मग आम्ही सगळे तसेच उभे, कोणतरी आतून चिमणी घेऊन येईपर्यंत. म्हैसूरला गेलो नाही कधी, पण प्रिंट बघितली की मला दर वेळी तो अंधार आठवतो.

सरळरेषा, शब्द विचारलात ना? आमच्याकडे आजी म्हणायची ‘दिव्याची उजवड’. बघा चालतोय का.

सरळरेषा

उजवड! चालतो नाही, हाच शब्द. आणि न्यायचा दिवा हे वाचल्यावर माझी पोस्ट अर्धी मागे घेतो. मी प्रतीक आणि साधी गोष्ट असे दोन वेगळे कप्पे केले होते, पण तुमच्या आजीच्या खळ्यात ते दोन नाहीतच.

कागद_आणि_पाणी

झीलभाऊ, वर्गात पंचवीस वर्षं हे चित्र दाखवलं, तळवा वाऱ्याच्या बाजूला फिरतो हे मला एकदाही सुचलं नाही. मी हाताकडे उजेडाचं साधन म्हणून बघत राहिलो. आज पुन्हा प्रिंट काढून बसलो होतो. पोझ देताना खोलीत वारा नसणार, पण मुलीला तो हात कसा धरायचा हे शिकवावं लागलं नसेल, घरात रोज धरत असणार. म्हणून तो हात पोझ दिल्यासारखा दिसत नाही. माझ्याकडे मॉडेल म्हणून बसलेल्या मुली दिवा धरायच्या तेव्हा बोटं अशी नाजूक करून धरायच्या, नाचात धरतात तशी, आणि चित्र तिथेच खोटं पडायचं.

जगनमोहन पॅलेस 1861 चा, गॅलरी 1915 पासूनची, हे चित्र तिथे आल्यापासून किती लोक त्या बाईसमोर उभे राहिले असतील, आणि त्यातल्या कितींनी लहानपणी असा दिवा खरंच हातात धरला होता, हे डोक्यातून जात नाहीये. ज्यांनी कधी धरलाच नाही त्यांना हे चित्र वेगळं दिसत असणार.

तिन्हीसांज

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू कळत नाहीये, दोन दिवस वाचतेय परत परत, आईलाही मोठ्याने वाचून दाखवलं. आरोंद्याच्या दादांचं वाचताना तिने मध्येच थांबवलं आणि म्हणाली, "त्यांना सांग, पदराने पण धरतात."

काल रात्री आम्ही करून बघितलं. सगळे लाईट बंद, खिडक्या उघड्या, देवघरातलं निरांजन आईच्या हातात, आणि मी पॅसेजच्या टोकाला उभी. सर म्हणतात ते अगदी तसंच, तळव्याच्या मध्ये काळं आणि बोटांच्या कडांना लाल, आईच्या हाताची कातडी आता पातळ झालीये तर कडाच काय, अख्खी बोटं पेटल्यासारखी दिसत होती. आणि हात एका जागी राहत नव्हता खरंच. चटका बसतो म्हणून थोडा लांब, ज्योत हलली की परत जवळ, असं सारखं चाललेलं. चित्रात त्यातला एकच क्षण आहे हे तेव्हा कळलं.

ती देवघरातून निघाली आणि माझ्या दिशेने यायला लागली, आणि मी इतकी बघत राहिले की बोललेच नाही. दोन पावलांवर आली असेल, माझ्या चेहऱ्याच्या अगदी समोर, आणि म्हणाली, "कुठेयस गं तू?"

तिला मी दिसतच नव्हते. बाबांची वाट बघत दाराशी जायची तेव्हा हातात दिवा कधी नव्हताच हेही मला तिथे उभं असताना आठवलं, बाहेरचा बल्ब लावून जायची ती. मग दिवा माझ्या डोक्यात कुठून आला, तर त्या प्रिंटमधूनच आला. म्हणजे मी आईला चित्रात बघत नव्हते, चित्रातल्या बाईला आईत बघत होते.

मावशीलाही फोनवर सांगितलं हे सगळं, तिला अजूनही उदासच वाटतं, तिचं तिच्यापाशी राहू दे. मिस्टर मात्र काल अंधारात पॅसेजमध्ये येऊन उभे राहिले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

प्रिंट आता मशीनच्या वरून काढलीये, आई म्हणतेय पॅसेजमध्ये लावू, देवघराच्या समोर. काच बदलायला टाकलीये.

सर, एक अजून विचारायचं होतं, तिच्या हाताचा फोटो काढायला गेले तर मोबाईलमध्ये ज्योतीभोवतीचं सगळं पांढरंफटक येतं आणि बोटांचा लाल रंग उतरतच नाही. एक्स्पोजर कमी करायचं असतं म्हणे, पण किती आणि कसं? आई आज रात्री परत उभी राहायला तयार आहे.